ओल्या फडक्यातली बरबटी

माझी पंचफुला आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी पाण्याची चौकशी करते. यजमानीण बिचारी ट्रेमध्ये पेले घेऊन येते, आम्ही सगळे घटाघटा पिऊन मोकळे होतो, आणि आत्या पेला उजेडाकडे धरून विचारते, "काहो बाई, या पाण्यात बरबटी शिजते का?"

बरबटी म्हणजे तुमच्याकडची चवळी. समोरची बाई गोंधळते आणि "शिजत असेल" म्हणते. हे "असेल" आत्याला चालत नाही. ती पिशवीत हात घालते आणि एक ओलं फडकं बाहेर काढते. त्यात मूठभर भिजवलेली बरबटी असते. कायम असते. लग्नाला, तेरवीला, दवाखान्यात, बँकेत. त्या फडक्यानं आजवर माझं पासबुक, दोन लग्नपत्रिका आणि बायकोच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट भिजवला आहे.

"एवढी एका गंजात लावून देता का? कुकर नोको, उघड्या पातेल्यातच," असं ती इतक्या गोड आवाजात म्हणते, की कुणाला नाही म्हणवत नाही. मग तासाभरानं ती एक दाणा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबते. दाण्याचं लोणी झालं तर ते घर चांगलं. दाणा टणक राहिला तर त्या घरातल्या माणसांनी कितीही शिकावं, आत्याच्या लेखी काही उपयोग नाही.

अकोल्याला माझ्या मित्राची वास्तुशांत होती. नवाकोरा फ्लॅट, स्वयंपाकघरात गुळगुळीत ओटा, बायका कौतुकानं ड्रॉवर उघडझाप करत होत्या. आत्यानं तिथंही फडकं सोडलं. पंगत बसायच्या वेळेला ती दारात उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "घर मस्त हाय बाप्पा. पण येथी बरबटी शिजत नाही." बिल्डिंगला बोअरचं पाणी होतं. मित्राची बायको त्यानंतर कितीतरी महिने माझा फोन उचलत नव्हती, आणि मी तरी तिला कोणत्या तोंडानं दोष देणार?

नवरा गेल्यापासून आत्या अमरावतीला आमच्याकडेच असते. म्हणजे आमचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे आणि आम्ही तिथं पाहुणे आहोत. ओट्यावर एका भांड्यात मटकी, दुसऱ्यात मूग, तिसऱ्यात काळे वाटाणे, असं सतत काहीतरी फुगत असतं. माझी बायको वंदना एकदा चहाला दुधाचं पातेलं शोधत होती. ते सापडलं, पण त्यात हरभरे होते.

मला साखर निघाली तेव्हा तर आत्याला आयतंच कोलीत मिळालं. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारच्या डब्यात बरबटीची उसळ, संध्याकाळी मुगाचं धिरडं. "भाकरीत जे नाही ते बरबटीत हाय, अन् बरबटीत जे नाही ते भाकरीत. दोन्ही एका ताटात आले का मग आंगाले लागते," हे मी दिवसातून दोनदा ऐकत असे. माझी साखर उतरली हे खरं. पण ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्यानं आपली खुर्ची खिडकीकडे नेली, हेही तितकंच खरं. मी घरी येऊन आत्यावर चिडलो.

"गॅस दाण्याचा नाही, तुह्या घाईचा हाय," ती शांतपणे म्हणाली. "परवाच्या दिवशी मी घरी नव्हती. तू दोन घंटे भिजवून लावली ना बरबटी? रातभर भिजू दे त्याले. नाहीतं ते तुह्या पोटात जाऊन भिजते."

मी हट्टाला पेटलो आणि एका शिकलेल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: कडधान्यं रात्रभर भिजवावीत, ते पाणी टाकून द्यावं, शिजवताना सोडा घालू नये, वरून लिंबू पिळावं म्हणजे त्यातलं लोह शरीराला मिळतं. मी तो कागद शर्टाच्या खिशात दडवला. आत्यानं शर्ट धुवायला टाकताना खिसा तपासला, कागद वाचला आणि फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवला. तो अजून तिथंच आहे.

तर अशी ही आत्या, आणि आमच्या ऋतुजाचं लग्न जमायची वेळ.

ऋतुजा माझी एकुलती एक मुलगी. फार्मसी शिकलेली. मुलगा निखिल, गुरांचा डॉक्टर, दर्यापूरच्या पलीकडे एका गावात आईवडिलांजवळ राहणारा. दोघं चारदा भेटले होते, एकमेकांना पसंत होते. आता फक्त आम्ही त्यांचं घर पाहायला जायचं आणि होकार कळवायचा, एवढंच उरलं होतं. पण गाव होतं पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. तिथं जमिनीखालचं पाणीच खारं आणि जड. आत्याचं सासरही त्याच पट्ट्यातलं.

"बाबा, आत्याआजीला सांभाळा हं. माझं जमलेलं मोडू नका," ऋतुजा आदल्या दिवशी मला म्हणाली. तिचा चेहरा पाहून मला भरून आलं. मी ठरवलं, आत्याला न्यायचंच नाही. ऊन फार आहे, रस्ता खराब आहे, गाडीत जागा नाही, अशी तीन कारणं तयार ठेवली. सकाळी खाली उतरलो तर आत्या पुढच्या सीटवर बसलेली. मांडीवर पिशवी. पिशवीतून पाणी टपकत होतं.

मुलाकडची माणसं फार साधी आणि आतिथ्यशील. वडील बोलायला मोकळे, आई हसतमुख. पाणी आलं. मी आत्याकडे डोळे वटारून पाहिलं. वंदनानं तिचा पदर हळूच ओढला. काही उपयोग झाला नाही.

"हे कोणतं पाणी हाय बाई?"

"जारचं जी. प्यायले जारचं घेतो आमी."

"अन् सयपाकाले?"

मुलाच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं. "नळयोजनेचं येते दहा-बारा दिवसांनी. ते सरलं का मग बोअरचं."

फडकं सुटलं. आत्या आत गेली, आणि बोअरच्या पाण्यात बरबटी गॅसवर चढली.

त्यानंतरचा सव्वा तास मी आयुष्यात विसरणार नाही. पोहे खाऊन झाले, चहा झाला. कपाशीचं बोलणं झालं, तुरीचं झालं, हवामानाचं दोनदा झालं. मग सगळे गप्प बसून आतून येणारा बुडबुड आवाज ऐकू लागलो. ऋतुजा खाली मान घालून बोटं मोडत होती. मुलाच्या वडिलांनी एकदा घसा साफ करून विचारलं, "पसंती पोराची हाय का पाण्याची?" मी हसलो, पण त्यांच्या आवाजातली धार मला कळली. मनात म्हटलं, झालं, संपलं. या म्हातारीनं माझ्या लेकीचं वाटोळं केलं.

आत्या बाहेर आली. तळहातावर दाणे होते. तिनं ते मुलाच्या आईपुढे धरले. "पाहा बरं. खड्यासारखे हाय. तुमी काय करता?"

"गोडं पाणी नसलं का चिमूटभर सोडा टाकतो," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"सोड्यानं नरम होते, पण त्यातला कस जाते." आत्याचा आवाज अगदी मऊ होता. मग ती निखिलकडे वळली. "डॉक्टर, आमची पोरगी या घरात येईन. उद्या लेकरू होईन, त्याले वरणाचं पाणी लागीन. मंग गोडं पाणी कोण आणीन?"

निखिलचे कान लाल झाले. "मीच आणतो आत्या," तो म्हणाला. "आईसाठी आणतोच. फाट्यावर योजनेची टाकी हाय, तिथून दवाखान्यातून येता येता दोन कॅन भरतो. आज तुमी येणार म्हणून सकाळपासून घर झाडत होतो, तं राहून गेलं."

"राहून गेलं तं आता आण."

तो उठला आणि इस्त्रीच्या कपड्यांत मोटारसायकलला दोन कॅन बांधून गेला. वीस मिनिटांत परत आला, शर्ट ओला, चेहरा घामाघूम. आत्याकडं फडक्यात उरलेली अर्धी मूठ होतीच. ती गोड्या पाण्यात चढली. या वेळी कुणी बुडबुड ऐकत बसलं नाही, कारण मुलाची आई आणि आत्या आत ओट्याशी उभ्या राहून हसत होत्या. दाणा बोटाखाली विरघळला. मीठ टाकून, लिंबू पिळून सगळ्यांच्या हातावर चमचा-चमचा बरबटी पडली. मुलाच्या वडिलांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला.

परतीच्या वाटेवर मात्र मी भडकलोच. "आत्या, तुला कळतं का, लग्न मोडलं असतं! मुलीच्या घरचे असं करतात का कुठं?"

"नाही करत," ती म्हणाली. "म्हणून तं म्या केलं."

मग काचेबाहेर पाहत ती बोलू लागली. एरवी ती अशी बोलत नाही. "माह्या सासरी सोडा नाही टाकत जाय. सासूले उसळ लागे, अन् सासऱ्याले वरण. गोडी विहीर शिवाराच्या तिकडे होती. रोज म्या दोन घागरी आणो. पोट पुढे आलं होतं तरी आणो. ते लेकरू नाही राह्यलं, ते वेगळं." तिनं मांडीवरची पिशवी सावरली. "तुहा बाप दरसाल उन्हाळ्यात भेटाले ये. पोटभर जेवे. म्हणे, पंचफुले, तुह्या हाताची बरबटी लय मऊ. पाणी कुठलं हाय, हे नाही इचारलं त्यानं कधी."

मागे ऋतुजानं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. वंदना डोळे पुसत होती.

"लहान होता तवा तू बी ये त्याच्यासंग," आत्या मला म्हणाली. "तीन-तीन वाट्या खाये."

मला आठवलं. मी आठ-नऊ वर्षांचा. दुपारच्या उन्हात आत्या डोक्यावर घागर, कमरेवर घागर घेऊन अंगणात यायची, आणि मी ओसरीवरून ओरडायचो, "आत्या, लवकर कर ना, भूक लागली." माझे वडील तिथंच खाटेवर पडलेले असायचे. मला माझीच इतकी लाज वाटली, की गाडी बाजूला घ्यावी लागली.

"आत्या," मी विचारलं, "किती लांब होती गं ती विहीर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"लांब होती बाबू," ती म्हणाली. "लय लांब होती."