काचेच्या होडीतून दिसलेले दात

सहलीची आखणी करावी तर ती मीच! आमच्या घरात दुसऱ्या कुणाला हे जमत नाही. हवं तर आमच्या हिला विचारा. नको, तिला नका विचारू. मी सांगतो तेवढंच ऐका.

निमित्त होतं सासऱ्यांच्या भाषणाचं. बाबा आयुष्यभर शाळेत भाषा शिकवत होते, आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी समुद्रकाठच्या एका हॉटेलात मेळावा ठेवला होता. बाबा प्रमुख वक्ते. विषय त्यांनी स्वतः निवडलेला: ‘स्पष्ट उच्चार, स्पष्ट विचार’. महिनाभर आरशासमोर तालीम चालली होती. घरातल्या आरशालासुद्धा आता ‘श’ आणि ‘ष’ मधला फरक कळायला लागला असेल!

कार्यक्रम संध्याकाळी होता. सकाळ मोकळी. मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला समुद्राच्या पोटात काय आहे ते कोरड्या कपड्यांनी दाखवतो!”

धक्क्यावरून एक होडी सुटायची. तिला तळापासून काठापर्यंत सगळीकडे आरपार दिसायचं. प्लास्टिकसारखं काहीतरी होतं, पण सगळे तिला ‘काचेची होडी’च म्हणायचे. किनाऱ्याकिनाऱ्याने, कड्यांच्या सावलीतून एक चक्कर, आणि परत. अर्धा तासही लागत नाही. यात बिघडण्यासारखं काय आहे?

आता एक घरगुती गोष्ट सांगतो, कृपया तुमच्यापाशीच ठेवा. बाबांचे वरचे दात त्यांचे नाहीत. म्हणजे आहेत त्यांचेच, पण दंतवैद्याने करून दिलेले. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाही माहीत नाही. ‘कवळी’ हा शब्द आमच्याकडे उच्चारायला बंदी! मंडईत सासूबाई कवळी काकडी मागत नाहीत, “ती कोवळीतली द्या” असं म्हणतात. उच्चारांवर हयात घालवलेल्या माणसाचे दात बाजारातून आलेत हे विद्यार्थ्यांना कळलं तर अब्रू काय राहिली? असं बाबांचं मत.

तर आम्ही निघालो. बायकोला बोट लागते, म्हणून ती धक्क्यावरच थांबली. होडीत मी, बाबा, सासूबाई, एक भली मोठी टोपी घातलेल्या बाई, त्यांचे गप्प बसणारे यजमान आणि होडीवाला.

सासूबाईंनी होडीत पाय टाकला आणि परत घेतला.

“जावईबापू, हिला खाली काहीच नाही!”

“आहे हो आई, दिसत नाही एवढंच.”

“दिसत नाही त्यावर मी पाय कसा ठेवू?”

शेवटी त्या बसल्या, पण दोन्ही पाय बाकावर घेऊन, पाटावर बसल्यासारख्या. मीही आढेवेढे न घेता बसलो. आता माझ्या पायाखालून एक मासा गेला तेव्हा मी बाबांचा दंड धरला हे खरं, पण तो त्यांना आधार वाटावा म्हणून!

होडी निघाली. काय ते पाणी! खालची वाळू, वाळूवरच्या रेघा, खडकातून डोकावणारे निळे-पिवळे मासे, सगळं हात लावावं इतकं जवळ. एका बाजूला उंच कडा, त्याच्या कपारीत पांढरे पक्षी. टोपीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, “देवाच्या खिडकीतून बघतोय असं वाटतंय.” त्यांचे यजमान “हं” म्हणाले. तेवढंच त्यांचं सबंध सहलीतलं भाषण.

होडीवाला माहिती देत होता. “हे बघा, खाली लाल लाल दिसतंय ना, ते परवाळ.”

बाबांच्या कपाळाला आठी पडली.

“प्रवाळ,” ते म्हणाले.

“तेच की आजोबा. परवाळ.”

“तेच नाही! परवा वेगळा, प्रवाळ वेगळं. ओठ मिटा, हवा कोंडा, आणि एकदम सोडा. असं!” बाबा काठाकडे वळले, ओठ मिटले, हवा कोंडली, आणि एकदम सोडली. “प्र!!”

‘प्र’ अतिशय स्पष्ट आला. त्याच्या पाठोपाठ दातही आले!

उन्हात चमकत, एक डौलदार कमान करून ते पाण्यात गेले. डुबुक! आणि होडी काचेची असल्यामुळे पुढचं सगळं आम्हाला दिसलं. बाबांचे दात गिरक्या घेत घेत, कसलीही घाई नसल्यासारखे, आमच्या खालून गेले. आधी माझ्या पायाखालून, मग सासूबाईंच्या. जाता जाता हसत होते, शपथेवर सांगतो! मग ते एका खडकाशेजारी वाळूत अलगद टेकले.

खाली पाणी दीड-दोन पुरुष खोल असेल. होडी मात्र पुढे सरकत होती. माझ्या तोंडून निघायचं ते निघून गेलं.

“दात! दात! खाली दात!”

टोपीवाल्या बाई दुसऱ्या बाजूचे मासे बघत होत्या. त्या गर्रकन वळल्या. “कसले दात?”

“मोठे! पांढरे! तिथे, खडकापाशी!”

“अगं बाई! शार्क!!”

“नाही नाही, शार्क नाही...”

“मग कुणाचे दात?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी माझं मनगट असं आवळलं की बोटं सुन्न झाली. ओठ घट्ट मिटलेले, डोळे वटारलेले, मान जोरजोरात नकारार्थी हलतेय. मी तोंड मिटलं. सांगावं तर सासरे जाणार, न सांगावं तर दात जाणार!

बाबांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर दाबला. ते पाहून बाई किंचाळल्या, “आजोबांची दातखीळ बसली!”

खरं तर जगात त्या क्षणी दातखीळ बसणं अशक्य असलेला तो एकच माणूस होता.

बाई बाकावर चढल्या. त्यांना बघून सासूबाईही चढल्या. होडी कलंडायला लागली. होडीवाला ओरडला, “बसा! खाली बसा! इतकी वर्षं होडी चालवतोय, इथं शार्क कधी आला नाही!”

“या साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय!” बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “तुम्ही सांगा ना, किती मोठे होते दात?”

“म्हणजे... साधारण माणसाएवढे,” मी चाचरत म्हणालो.

“एकेक दात माणसाएवढा!!”

होडीवाल्याने शेजारचं वायरलेस उचललं. “धक्का, धक्का! शार्क दिसलाय. पांढरा. दात माणसाएवढे. पोहणाऱ्यांना बाहेर काढा!” आणि त्याने होडी किनाऱ्याकडे वळवली.

खडक मागे मागे चालला होता! एकदा जागा हरवली तर एवढ्या समुद्रात बत्तिशीचा तो अर्धा हिस्सा कुठे शोधायचा? काहीतरी खूण हवी. कठड्याला बुडणाऱ्याला वाचवायची नारिंगी रिंग टांगलेली होती. मी ती उचलली आणि नेम धरून खडकाच्या दिशेने भिरकावली.

बाईंनी रिंग उडताना पाहिली.

“माणूस पडला! पाण्यात माणूस पडला!!”

होडीवाला पुढे बघत सुकाणू धरून होता. त्याने मागे वळून कुणाला मोजलं नाही, वायरलेसमध्ये ओरडला, “धक्का! एक माणूस पाण्यात!”

किनाऱ्यावर भोंगा वाजायला लागला. आम्ही आरपार होडीत बसून सगळं बघत होतो. उथळ पाण्यातून लोक बाहेर धावत होते, कुणी छत्री घेऊन, कुणी दुसऱ्याचंच पोर काखेत घेऊन! कर्ण्यावरून कुणीतरी सांगत होतं, “कृपया पाण्यात जाऊ नका. काचेच्या होडीतला एक प्रवासी शार्कच्या तावडीत सापडला आहे!”

आणि धक्क्यावर आमची ही उभी होती.

होडी टेकायच्या आत ती अनवाणी पायऱ्या उतरून आली. चेहरा पांढराफटक. तिने आधी आईला मिठी मारली, मग माझे खांदे चाचपून पाहिले. हात, पाय, सगळं जागच्या जागी. मग तिची नजर बाबांकडे गेली. तोंडावर रुमाल, डोळ्यांत पाणी.

“बाबा! तोंडाला काय झालं? चावला का तो?” आणि ती पायरीवरच बसून ओक्साबोक्शी रडायला लागली.

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग वरच्या गर्दीकडे. गर्दी म्हणजे अख्खा किनारा तिथे लोटला होता. मी त्यांना ओळखतो. हा माणूस घरात पाहुणे असतील तर ताप अंगात घेऊन बसेल, पण झोपणार नाही, कारण झोपताना दात काढावे लागतात. त्यांनी रुमाल खाली घेतला.

“लडू नको गं पोली,” ते म्हणाले. “मला कायसुद्धा झालं नाही.”

ती रडता रडता थांबली. त्यांच्या रिकाम्या हिरड्यांकडे बघत राहिली. “दात?” तिने कुजबुजत विचारलं. बाबांनी समुद्राकडे बोट केलं.

तिथेच सगळं मिटलं असतं. पण वरचा माणूस कर्ण्यावर विचारतच होता, “होडीतून नेमकं कोण पडलं? नाव सांगा!” आणि लाल बावटा लावलेली दुसरी होडी त्या नसलेल्या माणसाला शोधायला सुटत होती. बाबा ताठ झाले. शिक्षकच ते, गोंधळ आवरणं रक्तात भिनलेलं. ते पायऱ्या चढून वर गेले आणि त्यांनी कर्णा हातात घेतला.

“नागलिकहो! फालक नाही! कुणी पललं नाही! थे माझे थाथ!”

गर्दीतले लोक एकमेकांना अर्थ विचारू लागले. मग मागून एक गहिवरलेला आवाज आला, “म्हणताहेत, ते माझे तात! म्हणजे वडील हो! यांच्या वडिलांना नेलं शार्कने!”

“अरेरे! या वयात बिचाऱ्यांना वडील होते!”

“आणि त्या वयात त्यांना होडीत कशाला घेऊन गेले?”

काही पुरुषांनी टोप्या काढल्या! एका आजींनी बाबांच्या पाठीवरून हात फिरवला. बाबा पुन्हा म्हणाले, “थाथ! थाथ!” आणि लोक आणखी हळहळले. ज्यांच्या उच्चारांचे दाखले दिले जायचे, त्या माणसाचा एक शब्द जगाला कळेना!

शेवटी सासूबाईंनी पदर खोचला, वर गेल्या आणि कर्णा काढून घेतला.

“यांची कवळी पडलीय पाण्यात. वरची. बाकी सगळे जिवंत आहेत. कुणाला पोहता येत असेल तर या.”

असा खणखणीत उच्चार मी बाबांच्या तोंडूनही कधी ऐकला नाही.

आधी एक जण फिस्सकन हसला. मग सगळा धक्का! बाबा मान खाली घालून उभे होते, आणि मला वाटलं, आता यांनी माझं तोंड आयुष्यात बघायचं नाही. पण गर्दीतून एक पाणबुड्या पुढे आला. पायात पंजे, कपाळावर चष्मा. तो हसत नव्हता.

“आजोबा, जागा दाखवाल का? भरती यायच्या आत काढू.”

जागा! माझी नारिंगी रिंग तोपर्यंत लाटांबरोबर फिरत फिरत किनाऱ्याला येऊन पडली होती. ती तरंगते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तरंगते म्हणून तर ती वाचवायला ठेवतात!

म्हणून आम्ही सगळे पुन्हा काचेच्या होडीत बसलो. या खेपेला आमची हीसुद्धा, पोटावर हात दाबून. होडीवाल्याने वेग अगदी कमी ठेवला. सगळे गुडघ्यांवर, नाकं तळाला टेकवलेली. सुंदर मासे येत होते, जात होते, कुणी ढुंकून बघत नव्हतं. खडक सगळे सारखेच! मी तर एका शिंपल्याला पाहून दोनदा ओरडलो.

“दिसले! ते बघा आजोबा, डाव्या हाताला!” टोपीवाल्या बाईच ओरडल्या. टोपी केव्हाच उडाली होती, त्यांना पर्वा नव्हती.

खरंच, दात तिथेच होते. फक्त त्यांत एक चिमुकला खेकडा येऊन बसला होता, नवी जागा पसंत पडल्यासारखा. पाणबुड्या खाली गेला. आम्ही वरून श्वास रोखून बघत होतो. त्याने खेकड्याला बोटाने टिचकी मारली, खेकड्याने नांगी उगारली, थोडी बाचाबाची झाली, आणि अखेर खेकडा खडकाखाली चालता झाला. पाणबुड्याचा हात वर आला तेव्हा होडीवाल्यासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

दात गोड्या पाण्याने धुतले, हॉटेलात उकळत्या पाण्याने परत धुवायला गेलो तर सासूबाई ओरडल्या, “वितळतील!” म्हणून नुसतेच घासले. संध्याकाळी बाबा भाषणाला उभे राहिले. समोर सगळे पिकल्या केसांचे विद्यार्थी, पाठ ताठ करून बसलेले. बाबांनी खिशातून भाषणाचे कागद काढले, क्षणभर पाहिले आणि बाजूला ठेवून दिले.

“मुलांनो,” ते म्हणाले, “आज सकाळी माझे दात समुद्रात पडले.”

आणि सगळी हकिगत सांगितली! कमान, गिरक्या, तात, खेकडा, काहीही न लपवता. जावयाने जागा ओळखायला रिंग टाकली तो भाग तर साभिनय. सभागृह लोटपोट. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ डोळे पुसत उठले आणि म्हणाले, “सर, माझी तर खालचीही आणि वरचीही!” आणि पुरावा म्हणून हातात काढून दाखवली. मागून आणखी दोन-तीन हात वर झाले. इतक्या वर्षांत वर्गात एवढे हात कधी वर झाले नसतील.

बाबा हसत होते. तोंडाला हात न लावता हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मीही हसत होतो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होतो, कारण माझा सत्यानाश टळला होता. त्या आनंदात मी समोरच्या ताटलीतला खारवलेला बदाम तोंडात टाकला आणि हसता हसताच कडकन चावला.

हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणतात.

माझा सगळ्या सभागृहाला दिसला. ताटलीत.