पठारावरील परवचा व आकाशथाळी यांचे वर्तमान

श्रीशारदा प्रसन्न असो. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, पौष मासी, शाळेची प्रार्थना आटोपतांच भर सभेत प्रश्न जाहला की, "सर, आभाळातून इंटरनेट येतंच आहे, मग तुम्ही आमचा रस्ता का उकरताय?" प्रश्न आम्हीच केला. आमच्या वर्गमैत्रीण केतकीबाईंनी पैज घातली होती, "विचार बघू, हिंमत असेल तर!" आणि आम्ही कच खाणारांतले नव्हे. समोर फायबरची तार घालणारे इंजिनियर चौगुले, हाती खडू घेऊन उभे.

प्रश्नाचे मूळ ऐसे. आमचे राज्य पठारावर: एक घर, दोन म्हशी, छपरावर इंटरनेटची थाळी. राजे आबासाहेब, राणी आईसाहेब, आणि वडील राजकन्या शाल्मलीताई, ज्या नर्सिंग शिकण्यास शहरी गेल्या. राज्याची रीत अशी की दिवेलागणीस सर्वांनी एका सुरात पाढ्यांचा परवचा म्हणावा, कोणी गैरहजर नसावे. सबब ताई व्हिडिओ कॉलवर हजर होत, आणि सतराच्या पाढ्यास आरंभ होई, आणि ताईंचा आवाज मागाहून येई, मग आम्ही त्यांजसाठी थांबावे, मग त्यांनी आम्हांसाठी थांबावे, आणि पाढा गोगलगाय होऊन निम्म्यात बसकण मारी. एके सांजेस आबासाहेब कोपले, "शहराचं वारं लागलं गं तुला! मन नसेल तर नको म्हणूस." ताई एवढेच बोलिल्या, "बरं, आबा." आणि दुसरे दिवसापासून परवच्यास आल्या नाहीत. मग आईसाहेब भरलेला फोनही पुन्हा चार्जिंगला लावीत, आणि आबासाहेब सतराचा पाढा गाळून थेट अठरावर जात.

तर चौगुले म्हणाले, "तुमची थाळी ज्या उपग्रहाशी बोलते, तो छत्तीस हजार किलोमीटर वर. आवाज तिथवर जाणार, मग खाली येणार, आणि उत्तरही त्याच वाटेनं. जवळून फिरणारे उपग्रह असतात, त्यांना उशीर कमी. तुमचा लांबचा. फायबर म्हणजे केसाएवढी काच, तिच्यातून उजेड धावतो, वाट जवळची, म्हणून लगेच पोचतो. पण दरड कोसळली की तुटते. थाळीला रस्ता लागत नाही, मोकळं आभाळ पुरे."

आम्ही पुसिले, "पण पाढा म्हणताना पलीकडचं माणूस मागे का पडतं?"

ते हसले. "मागे पडत नाही गं. त्याला तुम्हीच उशिरा ऐकू येता."

हे ऐकोन आमचे डोळे भरोन आले. केतकीबाई कुजबुजल्या, "ए, रडतेस काय? जिंकलीस की!"

शाळा सुटतांच चढ धावत चढलो आणि आबासाहेबांस सर्व निवेदन केले. ते थाळीकडे पाहात राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पोर माझ्यासाठी थांबत होती?"

"आणि तुम्ही तिलाच ओरडलात," आईसाहेब म्हणाल्या.

येणेप्रमाणे वर्तमान: तार वेगाची, परंतु खडक फोडून पठारावर येण्यास अवकाश आहे, थाळी उशिराची, परंतु आज आहे. मग आम्ही फोन आबासाहेबांचे हाती दिला आणि उभयतांस सांगितले, "आबा, आई, मी ठरवलंय. आजपासून पाढा ताई सांगणार. तिनं कुणासाठी थांबायचं नाही, तिचा आवाज पोचेल तसं आपण तिच्याबरोबर म्हणायचं. आणि आबा, फोन तुम्ही लावायचा."