चौदा महिन्यांचा फ्रीज

गाडी तयार होती. मागच्या बाजूला पलंग, खिडकीशी एक आडवं बाक, ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, आणि काकूंनी स्वतः शिवलेले पडदे. फक्त ओट्याशेजारची फ्रीजची जागा रिकामी होती. ती चौदा महिने रिकामीच राहिली, कारण फ्रीज कुठला घ्यायचा हे मापकाकांचं ठरत नव्हतं.

मापकाका वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभी हयात दुसऱ्यांच्या तराजूतली खोट शोधण्यात गेलेली, तेव्हा फ्रीजकडे ते वेगळ्या नजरेने कसे बघणार? बॅटरीवर चालणारा फ्रीज चांगला, पण तो घरघरतो. गॅसवर चालणारा अगदी मुका, पण नाजूक. तिसरी ती थंड पेटी, हलकी नि सुटसुटीत, पण बाहेर ऊन तापलं की तीही मान टाकते. काकांनी वहीत तीन रकाने आखले आणि दर आठवड्याला गुण देऊन पुन्हा खोडले. काकूंना मधुमेह होता, त्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये राहायचं होतं. "औषधाशी खेळ नाही," असं काका म्हणत, आणि त्यावर कुणाला काही बोलता येत नसे.

ही सगळी यातायात होती एका तळ्यासाठी. काकू आणि त्यांची थोरली बहीण आक्का लहानपणी त्या तळ्यात पोहायला शिकल्या होत्या. आक्का आता चौऱ्याहत्तरच्या, मुलाकडे राहत. एकदा पुन्हा त्या पाण्यात उतरायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. दर रविवारी त्यांचा फोन येई.

"फ्रीज आला का गं?"

"दोन राहिलेत. एक काल बाद झाला."

पुढच्या रविवारी पुन्हा. "आला का?"

"बाद झालेला परत आत आलाय."

मध्यंतरी त्या रिकाम्या जागेत मांजर व्यायली. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत तरी थांबायला हवं, असं काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचा सूर होता. डोळे उघडले, पिल्लं उड्या मारायला लागली, एक तर शेजारच्या गॅरेजवाल्याच्या घरी नांदायलाही गेलं. काकांचे रकाने चालूच होते.

चौदावा महिना संपत आला तेव्हा आक्कांच्या मुलाचा फोन आला. आक्कांचा उजवा गुडघा आधीपासून कुरकुरत होता, आता डावाही गेला. मग आक्का स्वतः बोलल्या. "घाई करू नका गं. तळं काही पळून जात नाही. आणि माझा पळायचा प्रश्न आता मिटलाच."

काकूंनी फोन ठेवला आणि पडद्याच्या घड्या नीट करत बसल्या. काकांनी वही मिटली. त्याच आठवड्यात त्यांनी गॅसवरचा फ्रीज आणला. काकूंची झोप सावध, घरघर नको, हे शेवटी त्यांनी धरलेलं कारण.

माहितीपुस्तकात नवव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा फ्रीज अगदी सपाट उभा हवा, जरा कलला तरी थंड होत नाही. काकांना उलट आनंदच झाला. "सपाट जागा ओळखायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा कोण?" म्हणत त्यांनी गवंड्याची पाणसळ पिशवीत टाकली.

दोघांनी मिळून आक्कांना गाडीत चढवलं. दुपारी तिघं तळ्यापाशी पोहोचली. रस्ता संपून गवताचा उतार लागला होता आणि उताराच्या टोकाला पाणी चमकत होतं. आक्कांनी खिडकीची काच खाली केली.

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी फ्रीजवर पाणसळ ठेवली. बुडबुडा सरकून एका टोकाला जाऊन बसला.

पुढच्या चाकांखाली दगड घातले, मग फळ्या, मग फळ्यांवर दगड. गाडी पुढून इतकी उचलली गेली की आक्का बाकावरून घसरत घसरत पलंगाशी आल्या.

"भावजी, मी इथे बसू की अजून पुढे जायचंय?"

"अहो, तिला धरा. फ्रीज राहू द्या," काकू म्हणाल्या.

"तुझी महिन्याभराची औषधं आहेत आत," काका म्हणाले. "निदान एक दिवस गाडी सपाट जागी लावू. फ्रीज नीट गार झाला की उद्या इथे येऊन निवांत बसू."

तासभर फिरून सपाट जागा सापडली ती तळ्यापासून सात किलोमीटरवर. ट्रकांचा वजनकाटा होता तो. सिमेंटचं मोठं अंगण, पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध. काकांचा चेहरा उजळला. समोर सिमेंटच्या गोदामाची भिंत होती. आक्का तिच्याकडे बघत राहिल्या.

"भिंत चांगली आहे," त्या म्हणाल्या.

सकाळी ट्रक यायला लागले. काकांना राहवेना. ते खाली उतरून, मागे हात बांधून काट्याभोवती चक्कर मारू लागले. काटेवाल्याने ती चाल ओळखली. वीस वर्षांपूर्वी याच माणसाने आपला काटा सील केला होता, हे त्याला लख्ख आठवलं. तो धावत खुर्ची घेऊन आला.

"साहेब, आधी कळवायचं तरी."

"मी निवृत्त झालोय. फ्रीज गार करायला थांबलोय."

काटेवाला कसनुसा हसला. इतकं पोकळ कारण सांगणारा साहेब म्हणजे तपासणी बडीच असणार, हे त्याने ताडलं. त्याने दोघा ड्रायव्हरांच्या कानात काही सांगितलं. रांगेतले सहा ट्रक मागच्या मागे वळले. अकरा वाजता गोदामाचा मॅनेजर हात जोडून आला, त्याच्यामागून चहा आला, आणि बारा वाजता काटेवाल्याने अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, आमचं आज काम होणार आहे का?"

तेव्हा कुठे काका निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी फ्रीज उघडून पाहिला. फ्रीज छान चालला होता. जरा जास्तच छान. सगळ्यात गार जागा म्हणून काकांनी औषधांचा डबा मागच्या पत्र्याला अगदी चिकटवून ठेवला होता. इन्सुलिन गोठून बर्फ झालं होतं.

काकांनी डबा काकूंपुढे धरला. "गोठलेलं चालत नाही ना गं?"

"नाही चालत."

"मग आता?"

काकूंनी खांद्यावरच्या पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं. "चालू असलेलं माझ्याजवळच असतं. महिनाभर बाहेर राहिलं तरी चालतं, फक्त उन्हात नको. अजून पंधरा दिवस जाईल. आपण तर परवा परत जाणार."

"हे तुला कधी कळलं?"

"नर्सबाईंनी पहिल्यापासून सांगितलंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. गेल्या वर्षी, पहिल्याच आठवड्यात. तुम्ही तेव्हा त्या जागेचं माप घेत होतात. हं हं म्हणालात." काकूंनी पेन परत पर्समध्ये ठेवलं. "नंतर मीच गप्प बसले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तुम्ही इतके रमला होतात. तेव्हाच तुमच्या हातातली टेप हिसकावून घ्यायला हवी होती."

आक्का खिडकीबाहेर भिंत बघत होत्या. काकांना ते जास्त लागलं.

तळ्याशी आल्यावर काकांनी गाडी उलटी वळवली आणि उतारावरून मागे मागे घेतली. ओट्यावरचे पेले गडगडले, फ्रीजचं दार उघडून आपटलं. काका थांबले नाहीत. चाकं चिखलात रुतायला लागली तेव्हाच त्यांनी ब्रेक दाबला. मागचं दार उघडून दोघांनी आक्कांना उंबऱ्यावर बसवलं. त्यांचे पाय खाली लोंबत होते. पाणी तिथून दहा पावलांवर होतं.

आक्कांनी एक पाय खाली टेकवून पाहिला आणि ओठ घट्ट मिटून परत वर घेतला.

"गेल्या वर्षी गेले असते मी एवढं," त्या म्हणाल्या. सूर तक्रारीचा नव्हता.

काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बादली घेतली आणि तळ्यात उतरले. भरलेली बादली चढावरून आणताना अर्धी वाटेतच सांडली. उरलेल्या पाण्यात आक्कांनी दोन्ही पाय सोडले. शेजारी टेकून काकूंनीही एक पाय त्यात कोंबला. दोघी बहिणी बराच वेळ पाण्याकडे बघत बसल्या.

काका बाजूला उभे होते. पाणी आता कोमट झालं असेल, असं त्यांना वाटलं.

"बदलू का?" त्यांनी विचारलं.

"बदला," आक्का म्हणाल्या.