तीन एमबींचे छायाचित्र उतरविल्याची हकीकत

चिरंजीव रेवती, मुक्काम पुणे, यांणी हुकूम धाडिला जे, बाबा, वेबपेजाचे काय जाहले ते सविस्तर लिहून कळवावे, फोनवर नुसते "ठीक आहे" म्हणू नये. हुकूम शिरसावंद्य मानून हकीकत लिहितो. मोहिमेचे सरदार अण्णासाहेब, निवृत्त सेक्शन ऑफिसर, आणि हकीकत लिहिणारा हा एकच इसम आहे, सबब पराभव थोडका लिहिला गेल्यास माफी असावी. लेखकास अलंकार येत नाहीत. छत्तीस वर्षे फायलींवर टिपणे लिहिली, लेखणी तितकीच चालते.

शके १९२३, श्रावणमास. अण्णासाहेबांचा मुक्काम नोएडा, सेक्टर पंचवीस, दुसरा मजला. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंस जाऊन दहा महिने जाहले होते. बाईंची एक वही होती. दिल्लीत नव्याने उतरलेल्या मराठी कुटुंबांस कोकम कोठे मिळते, भाजणी कोण दळून देतो, मुंजीस गुरुजी कोण, हे सारे तीत तीस वर्षांचे लिहिलेले, आणि तिच्या बळावर बाई फोनवरून मुलूख चालवीत. बाई गेल्या तरी फोन राहिला. आठवड्यास तीन-चार तरी येत आणि पलीकडून पुसत, "कुमुदिनीकाकू आहेत का?" अण्णासाहेब म्हणत, नाहीत. मग पुसत, "कधी येतील?" या दुसऱ्या सवालापुढे सरदारांचा टिकाव लागेना.

मग मसलत केली जे, वही वेबपेजावर चढवावी, म्हणजे लोक तेथे पाहतील आणि हा सवाल बंद होईल. ऐसा मनसुबा करून अण्णासाहेब अठरा सेक्टरातील संगणकाच्या वर्गात दाखल जाहले. वर्गाचे उस्ताद निहार, ठाण्याचे, वय वर्षे चोवीस. सोबत सुनेत्राबाई, पानिपताहून चादरी आणून विकणाऱ्या, त्यांस चादरींचे पेज करावयाचे होते. अण्णासाहेबांनी माऊस हाती धरिला तो रबरी शिक्का धरावा तैसा, आणि दाबला तोही तैसाच. पहिला आठवडा उंदीर मेजावरून खाली पडणे आणि वर घेणे यांत गेला.

दीड महिन्याने पेज उभे राहिले. वर डावीकडे "विषय : नवागत कुटुंबांस उपयुक्त माहिती". त्याखाली "संदर्भ : सौ. कुमुदिनी यांची वही". मग "सोबत : पृष्ठे एकेचाळीस". दोहों बाजूंस समया, त्यांच्या ज्योती लुकलुकत. मध्यभागी बाईंचे छायाचित्र, त्यावर झेंडूचा हलता हार. छायाचित्र दुकानदाराकडून मोठ्यांत मोठे स्कॅन करून घेतले होते, कारण बाईंस लहान करणे सरदारांच्या मनास येईना. छायाचित्राखाली वहीची पाने, बाईंच्याच अक्षरात.

वर्गाचा रिवाज ऐसा जे, शनिवारी एकेकाचे पेज भिंतीवर टाकावे आणि सर्वांनी दोष काढावे. पानिपत दिल्लीहून नव्वद किलोमीटर, परंतु अण्णासाहेबांस तेथवर जावे लागले नाही, ते वर्गातच जाहले. छायाचित्र वरून खाली इंचाइंचाने उतरू लागले. आधी केस आले, मग भांग आला, मग उस्ताद चहा पिऊन परत आले तेव्हा कुंकू आले.

निहार म्हणाले, "काका, बुरा मत मानना, पण हे उतरवा. तीन एमबी आहे यार! लोकांकडे मोडेम आहे, वेळ नाही."

सुनेत्राबाई वदल्या, "अण्णासाहेब, ही तेराव्याची पत्रिका वाटते हो. मी आधी आत येऊ, की नमस्कार करू?"

वर्ग हसला. अण्णासाहेबांनी चष्मा पुसला आणि फर्माविले जे, हरकती लेखी द्याव्या. निहार यांणी बारा लिहून दिल्या. अण्णासाहेबांनी घरी जाऊन परिच्छेदवार उत्तर तयार केले, तीन प्रतींत. मुद्दा एक, समया : विचाराधीन. मुद्दा दोन, हलता हार : पाहिले. मुद्दा चार, छायाचित्र : नामंजूर. आणि वर्गास जाणे बंद केले. दोन शनिवार सरदार किल्ल्यात बसून राहिले आणि दिवसभर घरच्या संगणकावर आपलेच पेज उघडून छायाचित्र उतरताना पाहत राहिले. घरास तार एकच. मोडेम चालू तोवर फोन बंद, हे त्यांच्या ध्यानी नव्हते, किंवा होते.

भाद्रपदात एके सकाळी मोडेम बिघडला आणि फोन वाजला. पलीकडे मयुरा नामे मुलगी, मुक्काम गुडगाव, नवरा मानेसरच्या कारखान्यात, कंपनीच्या बसने जाणारा.

"दोन दिवस लावतेय, सारखा एंगेज! काकू आहेत का?"

अण्णासाहेब म्हणाले, "काय हवे होते?"

"माझं बाळ बारा दिवसांचं आहे. आई येऊ शकली नाही, तिचा पाय मोडलाय. अळीव हवेत, लाडूंना. इथल्या वाण्याला समजतच नाही, तो मला मोहरी दाखवतो. ह्यांना काकूंचा नंबर आणि पेज कुणीतरी सांगितलं, तर हे सायबर कॅफेत अर्धा तास बसले. काकूंचे डोळे आले, आणि लाइन गेली." मग हळूच म्हणाली, "डोळे छान आहेत, म्हणाले."

अण्णासाहेबांनी चष्मा चढविला. मग वही काढिली. सातवे पान. वाचून दाखविले जे, अळीव जुन्या दिल्लीच्या बाजारात, खारी बावलीत मिळतात, वाण्यास चंद्रशूर म्हणावे, ताजे असल्यास लाल दिसतात. खाली बाईंनी लिहिले होते, "बाळंतिणीला स्वतः जाऊ देऊ नये, कोणीतरी नेऊन द्यावे."

हे वाक्य सरदारांनी फोनवर वाचले नाही. पत्ता मात्र लिहून घेतला आणि दुपारी बस बदलीत खारी बावलीहून गुडगावास कूच केले. अळीव पोहोचविले. बाळ पाहिले. काकूंचे काय जाहले, ते दारात उभे राहून सांगितले. मयुरा म्हणाली, "बसा ना काका."

पुढल्या शनिवारी अण्णासाहेब वर्गात हजर जाहले आणि मुद्दा चारवर आपल्या हाते "मंजूर" लिहिले. समया विझविल्या, हार उतरविला, विषय आणि संदर्भ खोडले. छायाचित्राच्या वेळी हात थांबला. तेव्हा सुनेत्राबाई, हसल्याविना, म्हणाल्या, "अण्णासाहेब, वहीतलं अक्षर त्यांचंच आहे ना? मग?" मग छायाचित्र उतरविले. वहीची पाने हलकी काळी-पांढरी केली आणि वर कोकम, भाजणी, अळीव ऐसे शब्द ठेविले, दाबताच पान उघडे. निहार यांणी घड्याळ लावून पाहिले. नऊ सेकंद. वर्गाने टाळ्या वाजविल्या. सरदारांनी टाळ्या मात्र लेखी मागितल्या नाहीत.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती नोंदविली असे. मनसुबा पुरा जाहला आणि फोन थांबला. आठवडा गेला, कोणी काकूंस विचारिले नाही. नवव्या दिवशी अण्णासाहेबांनी रिसीव्हर उचलून पाहिला, तार चालू होती. मग दुरुस्त होऊन आलेला मोडेम लाविला आणि पेजाच्या तळाशी, उस्तादांस न विचारता, घरचा नंबर घातला आणि लिहिले, "काही अडल्यास फोन करावा. काकू नाहीत. काका आहेत."

आणखी एक-दोन गोष्टी लिहावयाच्या होत्या, परंतु फोन वाजत आहे, सबब लेखणी ठेवितो.