शेपटीवाला का बिनशेपटीचा?

धोंडूकाका नव्या माणसाला नाव-गाव विचारत नसत. चष्म्यावरून रोखून बघत आणि म्हणत, "शेपटीवाला का बिनशेपटीचा?" खालापूरला बदलून आलेले एक फौजदार या प्रश्नानं असे हादरले की आठवडाभर आरशाकडे पाठ करून स्वतःची झडती घेत होते. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगतो.

प्रश्न खरं तर यीस्टचा होता. कुंभिवलीजवळच्या यीस्टच्या कारखान्यात आम्ही दोघं कामाला; मी स्टोअरमध्ये, काका प्रयोगशाळेत. भाताच्या पेंढ्यातल्या साखरेपासून स्पिरिट काढायचं वेड काकांनी घेतलं होतं. अडचण अशी, की यीस्टमधलं एक एन्झाइम हाताशी मदतनीस असल्याशिवाय त्या साखरेला हात लावत नाही. मदतनीस दोन, अगदी जुळे भाऊ. एकाला फॉस्फेटची शेपटी, दुसऱ्याला नाही. या एन्झाइमला शेपटीवालाच हवा. त्याच्या पुढचं काम करणाऱ्या एन्झाइमला बिनशेपटीचा. दोन्ही एन्झाइमांचं जमेना आणि काम मध्येच तुंबे.

"जावयासारखं रुसून बसलंय रं," काका म्हणत. "पण त्याला बिनशेपटीचा पत्करायला लावला नाय, तर नावाचा धोंडू नाय!"

म्हणून कर्जतच्या घरी ते यीस्टला अतिनील दिव्याखाली भाजत, वाचेल त्याला पेंढ्याच्या साखरेवर ठेवत आणि कोण तग धरतंय ते बघत बसत. बरण्या अशा फसफसत की एकीचं उडालेलं झाकण माथेरानच्या घोड्याला लागलं आणि तो मिनी ट्रेनच्या आधी नेरळला पोचला.

"जोडीदार बदलता येतो! तो बसतो ती खोबण जराशी बदलावी लागती, बास!" हे ते माझ्याशी बोलत, पण आवाज स्वयंपाकघरापर्यंत लावत.

स्वयंपाकघरात त्यांची सून, सुमन. काकू कधीच गेल्या होत्या. मुलगा घाटात टेंपो उलटून गेला, तेव्हा सुमनची पंचविशीही झाली नव्हती. आता खालापूरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सदूनं तिला मागणी घातली होती. तिलाही तो आवडला होता. तरी ती नाही म्हणत होती.

एकदा पिठाच्या हातानंच बाहेर आली. "मामंजी, मी काय तुमच्या बरणीतलं यीस्ट हाय?"

"यीस्ट ऐकतं तरी!"

"आन् मी गेल्यावर तुमी खाणार काय? पेंढा?"

गाठ तिथंच होती. म्हाताऱ्याला एकटं टाकून ती जाणार नव्हती.

मग काकांनी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला सुरुवात केली. आमटी पाणचट, भाकरी जाड, भात फडफडीत. शेवटी एका रविवारी स्वतःच पिठलं रांधलं आणि साक्षीदार म्हणून मला जेवायला बोलावलं.

काय ते पिठलं! ताट उलटं धरलं तरी सुटेना. कारखान्यातल्या गळक्या पाइपांसाठी थोडं बांधून न्यावं, असं मनात आलं. तेवढ्यात काकांनी मला गुडघ्यानं ढोसलं.

"सुमनवहिनी," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "असं पिठलं मी जन्मात खाल्लं नाही."

सुमननं बोटभर चाटलं. तांब्याभर पाणी प्यायली. सासऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"बरं झालंय," म्हणाली. "मीठ तेवढं बेतानं टाकत जा." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

लग्न काकांच्या दारातच झालं. कन्यादान त्यांनीच केलं.

पुढच्या आठवड्यात मी सहज डोकावलो. काका एका बरणीपुढे बसले होते.

"ऐकलं का हो यीस्टनं?"

"ऐकलं. बिनशेपटीचा घेतंय आता."

मी कारखान्यातल्या साहेबांना सांगायला धावणारच होतो, तर काकांनी माझी बाही धरली.

"लई हळू चालतंय पण," ते म्हणाले. "जोडी बदलली की सुरवातीला हळूच चालतं रं."

मग उठले, चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि दोन ताटं मांडली.

"आज कौतुक करायचं नाय," म्हणाले. "नुसता बस."