समुद्र उजव्या हाताला

"आजी, तुम्ही खालीच बसा बरं. तो डोंगर तुम्हाला नाही जमायचा," बेटाच्या धक्क्याला नाव लावता लावता नाववाला म्हणाला.

तो बिचारा काळजीने बोलला होता, पण आजीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "संध्याकाळी न्यायला याल ना? तेव्हा सांगते, वरून कसं दिसतं ते!" ती म्हणाली आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून नावेतून उतरली. नेमका तो हात आजोबांनी पाहिला.

आजोबांचा सगळा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला होता. बरोबर नात होती. ती प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायची, म्हणून घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत.

धक्क्याजवळ एक खानावळ होती. तिला दोन दारं होती, एक धक्क्याकडे आणि एक मागे, माडांकडे; तिथे एक लंगडी मांजर बसली होती. खानावळीच्या मावशींनी भाजलेले मासे, भात आणि ओल्या नारळाची चटणी वाढली. तिघं पोटभर जेवली आणि पुढच्या दाराने निघाली.

"आता नीट ऐका," आजोबा म्हणाले. "समुद्र कायम उजव्या हाताला ठेवायचा, म्हणजे माणूस हरवत नाही."

नियम खरा होता. पण बेटावर तो पाळला तर काय होतं, हे कागदावर गोल काढून त्यावरून बोट फिरवलं की कुणालाही कळेल.

थोड्या वेळाने वाटेला फाटा फुटला.

"आजोबा, डोंगराची पाटी डावीकडे दाखवतेय!"

"वाऱ्याने फिरली असेल."

"पण ती सिमेंटमध्ये पुरलीय!"

"इथला वारा जोराचा असतो, वकीलबाई."

वाट सपाट होती, सावलीची होती. आजी हट्टाने सगळ्यांच्या पुढे चालत होती. मधूनमधून आजोबा एखाद्या दगडावर बसायचे आणि "अगं, तूही टेक जरा, मला दम लागलाय," असं आजीला म्हणायचे. ऊन डोक्यावर आलं तेव्हा माडांमधून एक खानावळ दिसली. मागच्या दाराशी लंगडी मांजर बसली होती.

"ही तर मघाचीच..." वकीलबाईंनी तोंड उघडलं, तोच आजीने तिच्या दंडाला चिमटा काढला. दारात आलेल्या मावशीही काही बोलणार होत्या. आजीने त्यांना डोळ्यांनी दटावलं. मावशी शहाण्या होत्या. "या, या! पहिल्यांदाच येताय वाटतं?" त्या म्हणाल्या.

"हो. पलीकडच्या गावात जेवलो थोडं," आजोबा म्हणाले. "पण चटणी तुमचीच सरस!"

मावशींनी पदर तोंडाला लावला आणि दुप्पट भात वाढला. जेवून तिघं पुढच्या दाराने बाहेर पडली.

"अरे वा, या गावालाही धक्का आहे," आजोबा कौतुकाने म्हणाले. "फार सोयीचं बेट!"

वकीलबाईंनी आजीकडे पाहिलं. आजी आकाशातला पक्षी बघत होती.

दुसरी फेरी आणखी सावकाश झाली. आजीने पुढे चालत शंख वेचले, आजोबांनी मागून ते निवडले. तिसऱ्यांदा खानावळ आली तेव्हा ताटं मांडूनच ठेवलेली होती आणि मांजर वकीलबाईंच्या पायात घुटमळत होती. एव्हाना वकीलबाईंच्या दंडावर चार चिमटे जमा झाले होते.

संध्याकाळी धक्क्यावर बसल्यावर मात्र तिला राहवेना. "आजोबा, तीच खानावळ होती! तिन्ही वेळा! आपण डोंगर चढलोच नाही!"

आजोबा चपलेतली वाळू झाडत राहिले. "बाळ, बेट म्हणजे काय, हे मी आयुष्यभर पोरांकडून पाठ करून घेतलंय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"वर गेलो असतो, तर हिच्या गुडघ्याने उद्या हिला उठू दिलं नसतं. आणि जाऊ नकोस म्हटलं असतं, तर ही पळत चढली असती."

आजी हळूच हसली. "अहो, तुम्ही पहिल्या दगडावर दम लागला म्हणून बसलात ना, तेव्हाच मला कळलं. तुम्हाला कधी दम लागतो? तोंडाला तर मुळीच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं मन लावून चुकत होतात," आजी म्हणाली. "मोडवेना."

"आणि मला चिमटे?" वकीलबाई ओरडल्या. पण दोघं एकमेकांकडे बघत होती.

तेवढ्यात नाव लागली. नाववाल्याने हात देऊन आजीला आत घेतलं. "काय आजी, गेलात का वर? कसं दिसलं?"

आजीचा चेहरा एकदम उतरला. तिला खोटं बोलता येत नसे. आजोबांनी घसा खाकरला, पण आयत्या वेळी त्यांनाही काही सुचेना.

वकीलबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग स्वतःच स्वतःच्या दंडाला एक चिमटा काढला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं,

"काका, चारी बाजूंना नुसतं पाणीच पाणी! आजी तर शेवटपर्यंत आमच्या पुढे होती!"

यातला एक शब्दही खोटा नव्हता.