कमळाआत्यांची डोळातपासणी

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे कमळाआत्यांचं, माणसाचं नुसतं तोंड बघून समाधान होत नाही. त्या अंगठ्यानं त्याच्या डोळ्याखालची कातडी ओढून आत बघतात. शिरूर अनंतपाळच्या आमच्या गल्लीत दूधवाला, गुरुजी, शेजारची शेळी, कुणीच सुटलेलं नाही. मतं मागायला आलेल्या उमेदवाराचाही डोळा त्यांनी ओढला. "रगत न्हाई तुझ्यात. आधी पालक खा, मग मत माग." वर त्यांचं पालुपद : "तोंड खोटं बोलतंय, डोळा न्हाई."

मी तेव्हा शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते. मूल इतक्यात नको, असं नवऱ्याचं नि माझं ठरलं होतं. पण आत्यांना सांगायची हिंमत दोघांतही नव्हती. गर्भनिरोधक गोळ्या मी चोरून घ्यायची.

एका सकाळी उठले तर डाव्या डोळ्यापुढं नुसता धूर. आत्यांनी सवयीनं कातडी ओढली, मग माझा उजवा डोळा झाकला. "बोटं किती हायत?"

"कुठली बोटं?"

त्यांनी गॅस बंद केला आणि मला थेट लातूरच्या बसमध्ये बसवलं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "रोजचं काही औषध?"

"नाही," मी म्हटलं.

"हाय की," आत्या म्हणाल्या. "लेकरू न ऱ्हायची गोळी. रोज घेती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थेंब घालून तपासणी झाली. डोळ्याच्या पडद्याच्या एका शिरेत रक्त साकळलं होतं. "बहुतेकींना या गोळीचा असा त्रास होत नाही, क्वचित एखादीला होतो. लगेच आलात, बरं केलंत." गोळी बंद झाली. दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून ठरला. उपचारांनी नजरही पुढं हळूहळू जवळपास पहिल्यासारखी झाली.

त्या दिवशी परतताना मात्र थेंबांमुळं ऊन सोसवत नव्हतं. आत्यांनी बसमध्ये माझ्या तोंडावर आपला पदर धरला. मागची बाई कौतुकानं म्हणाली, "सुनेला दिवस गेलेत वाटतं?"

"जातील, तिला पाहिजेत तवा."

मी पदराआडून विचारलं, "आत्या, तुम्हाला कधी कळलं?"

"भाजणीच्या डब्यामागं ठेवतीस. भाजणी कोन काढतं घरात?"

"मग बोलला का नाहीत?"

आत्यांनी घसरलेला पदर पुन्हा माझ्या तोंडावर नीट धरला.

"माझी सासू दर म्हैन्याला इचारायची. तिचं पाऊल वाजलं की म्या मागच्या दारी जाऊन लपायची. तवाच ठरवलं हुतं, आपल्या सुनेला असं इचारायचं न्हाई." मग हळूच म्हणाल्या, "तरी बी तू लपवलंस. माझं बी तसंच भ्या वाटत हुतं व्हय गं?"

पदर धरलेला त्यांचा हात मी हातात घेतला, तो शिरूर येईपर्यंत सोडला नाही.